मिको हाक मारत नाही

पळीच्या दांड्यावर, वरच्या टोकाच्या जरा खाली, एक काळी खाच होती. सुरीची नव्हे, फार पूर्वी कुणीतरी चुलीशी बसून, चाळा म्हणून, पेटती काडी टेकवत टेकवत ती जाळून काढली होती, आणि पुढे पेज पिताना अंगठा बरोबर त्या खाचेत ठेवायची त्याला सवय लागली होती... त्याला म्हणजे कुणाला? अहालक एमाथ्लानं ते नाव मनातल्या मनातसुद्धा घेतलं नाही. वाटेत साप दिसला की पाऊल जागच्या जागी थांबतं तसा तो नावाच्या अलीकडे थांबला. पण डोळे काही पळीवरून हलेनात. दाराशी सोफ्कीचं मडकं, मडक्यात मक्याची आंबूस पेज, आणि पेजेत ती उभी—जिथे रोजची पळी असायची तिथेच, जशी काही रोज तीच असते. येणाऱ्या-जाणाऱ्यानं कुणाला न विचारता पळी उचलावी, दोन घोट घ्यावेत आणि मग बोलायला बसावं, अशी आपल्या प्रत्येक घराची रीत. रोजची पळी कुठेच दिसत नव्हती.

"बघतोस काय? पी," सेमाहोये म्हणाली.

त्याची बायको त्याच्याकडे पाठ करून चुलीतली राख टोपलीत भरत होती. उद्यापासून हिरव्या मक्याचा सण. गावातल्या सगळ्या चुली आज विझणार, जुनी मडकी फुटणार, कानाकोपरा झाडून निघणार, आणि मग चौकातल्या नव्या विस्तवातून घरोघरी निखारा जाणार. वर्षभराची भांडणं, चोऱ्या, पळवापळवी, शिव्याशाप—सगळं राखेबरोबर बाहेर. तेव्हा झाडताना जुनी पेटी उघडली असेल, पळी हाताला लागली असेल... तो स्वतःची अशी समजूत घालत होता. पण पेटीतलं जुनं आज फेकायचं असतं, मडक्यात ठेवायचं नसतं, एवढं त्यालाही कळत होतं.

"पोराचं नाव ठरलं," ती म्हणाली. "काल आम्ही अस्वलाच्या कुळातल्या सगळ्या बायका बसलो होतो. मामाचंच नाव द्यायचं. नोकोस याहोला."

बोलताना ती थांबली नाही, वळली नाही, टोपलीत राख पडत राहिली. हे नाव या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं—या घरात नाही, याच्या आधीच्या झोपडीत नाही, आगबोटीवर नाही, जुना देश सोडून इकडे येतानाच्या त्या लांबच्या वाटेवर नाही. इतक्या वर्षांनी आलं ते 'मीठ संपलंय' म्हणावं तसं आलं.

"बरं," तो म्हणाला. ठरवणं त्याच्याकडे नव्हतंच. पोर आईच्या कुळाचं. त्याला शिकवायचं मामानं, कान पिळायचा मामानं, जाणता झाला की नाव द्यायचं मामाच्या माणसांनी. बाप म्हणजे बायकोच्या घरात राहणारा पाहुणा, बरा वागला तर लाडका. आपल्यात सगळेच घरजावई, त्यामुळे घरजावई म्हणून कुणी कुणाला हिणवत नाही. पण फुसवाला—पोराचं आजवरचं नाव फुसवा, म्हणजे पाखरू—मामाच मिळाला नाही. तो पोटात असतानाच मामा गेला. गेला... पुन्हा तोच गुळमुळीत शब्द! गेला नव्हता. मारला होता, आणि मारला तेव्हा अहालक एमाथ्ला त्याच्या अंगणात उभा होता.

पेज न पिताच तो बाहेर पडला. सेमाहोयेनं त्याला थांबवलं नाही.

चौकाकडची वाट मक्याच्या शेताच्या कडेनं जात होती. कणसं भरली होती, त्यांच्या शेंड्या तांबूस व्हायला लागल्या होत्या, आणि त्यांचा ओलसर गोड वास वाटभर पसरला होता. सण होईपर्यंत नव्या मक्याला कुणी हात लावायचा नाही. पोरं नुसती कुंपणाशी उभी राहून गिळत होती. ही जमीन तशी वाईट नाही. तांबडी आहे, आर्कान्सा नदीचं पाणी गढूळ आहे, वारा उगीच बडबड करतो, पण मका येतो. मक्याला काय, त्याला कुणी सांगत नाही की तू परमुलखात आलास. माणसाला मात्र अजून सकाळी उठल्यावर क्षणभर जुन्या देशातल्या चट्टाहूची नदीचं पाणी ऐकू येतं आणि मग आठवतं की ती नदी आता गोऱ्यांची झाली.

शेतापलीकडे पोरं चौकातल्या मांडवांसाठी वाळुंजाच्या फांद्या तोडत होती. त्यांत फुसवा होता, उघडा, पाठीवर पानं चिकटलेली. दुसरा कुणी बाप असता तर त्यानं इथूनच तोंडाशी हात धरून हाक दिली असती. अहालक एमाथ्ला सबंध शेताला वळसा घालून गेला आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला. सगळं गाव ही सवय ओळखून होतं. गावाच्या प्रमुखाला आपण मिको म्हणतो, आणि मिको चारचौघांत आवाज चढवत नाही; तो हळू आवाजात शेजारच्याच्या कानात सांगतो आणि तो शेजारचा, मिकोचं तोंड म्हणून नेमलेला माणूस, गावाला ऐकवतो. पण बाकीच्या गावांचे मिको निदान आपल्या कुत्र्याला तरी हाक मारत. हा तेवढंही करत नसे. लोकांना त्याचं फार कौतुक. 'मिको हाक मारत नाही' ही आता म्हणच झाली होती. कुणी आळशी बायको नवऱ्याला शेतातून बोलवायला उठली नाही की शेजारणी म्हणत, मिको झाली बाई.

मोठेपणा कसला डोंबलाचा, तो मनात म्हणे. मेहुणा मारला गेला त्या संध्याकाळनंतर काही दिवसांनी मी कुत्र्याला हाक मारली होती. नुसती कुत्र्याला. आणि कुत्रं यायच्या आधी, घराच्या मागून, तोंडात घास असताना माणूस बोलतो तशा आवाजात, ओ आली होती—ओ, आलो! मग एकदा नदीपलीकडच्या नावाड्याला हाक मारली तेव्हा. मग सेमाहोयेला. दर वेळी हाक पुरी व्हायच्या आत, अगदी मायेनं. तेव्हापासून जायचं आणि खांद्याला हात लावायचा. लोकांनी त्यातून एक शांत, भारदस्त माणूस घडवला आणि पुढे त्याला मिको करून टाकलं... आता हसावं की रडावं.

"बाबा, आईनं सांगितलं तुला?" फुसवानं विचारलं.

"सांगितलं."

"माणसं म्हणतात, ते जमीन विकणाऱ्याचं नाव आहे. आमच्यातल्या इचोची आजी म्हणाली, असलं नाव घेतलंस तर तुझ्या ताटातला मका कडू होईल." पोरगा हसत होता, पण कोयता फांदीवर उगीचच आपटत होता. "कसा होता रे मामा? आईला विचारलं की ती उखळाशी जाऊन बसते."

कसा होता... "मोठ्यानं हसायचा," अहालक एमाथ्ला म्हणाला. "गावात दवंडी देणारा होता तो. त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा. मला रताळ्या म्हणायचा."

"रताळ्या?"

"माझं कुळ रताळ्याचं ना. मेहुण्यानं मेहुण्याची थट्टा करायचीच. सगळ्यांसमोर म्हणायचा, माझ्या बहिणीनं शिकार आण म्हटलं तर यानं स्वतःलाच उकडून वाढलं."

फुसवा खदखदून हसला. मान मागे टाकून, एक डोळा मिटून... हे हसणं याला कुणी शिकवलं? यानं तर त्याला पाहिलंही नाही. अहालक एमाथ्लानं पोराच्या पाठीवरची पानं झटकली आणि काम आहे म्हणून निघाला. काम होतंच. तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळी नवी नावं आपल्या तोंडाच्या, म्हणजे त्या नेमलेल्या माणसाच्या, कानात घालायची होती. उद्या चौकात त्यानं एकेक नाव पुकारायचं आणि त्या-त्या पोरानं ओ देत मांडवातून बाहेर यायचं.

चौकात चारी बाजूंचे मांडव नव्यानं शाकारले जात होते, मधली माती खरवडून नवी अंथरली जात होती. पश्चिमेच्या मांडवात मिकोची जागा. तिथे बसून त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले आणि माणसांची ये-जा पाहिली, पण पाहत होता दुसरंच. असाच चौक, तिकडचा, जुन्या देशातला. भर सभेत कायदा ठरला होता—सभेला न विचारता जो आपली जमीन विकेल तो मरेल, मग तो कुणीही असो. आणि तो कायदा चारी दिशांना तोंड करून ओरडून कुणी सांगितला? नोकोस याहोलानंच. केवढा आवाज लागला होता त्या दिवशी! म्हातारे रडले होते. मग दोन हंगाम उलटले, आणि त्याच माणसानं गोऱ्यांच्या जमीनविक्रीच्या कागदावर जाऊन सहीची फुली मारली.

का मारलीस, असं मी त्याला नदीवर मासे धरताना विचारलं होतं. त्यानं जाळं सोडलं नाही. म्हणाला, "रताळ्या, जमीन जाणारच. मी फुली मारली काय न् न मारली काय. आज निघालो तर आपल्या पायांनी निघू, बी-बियाणं बरोबर घेऊन, म्हाताऱ्यांना घोड्यावर बसवून. उद्या सोजीर येतील आणि हाकलतील." मग माझ्याकडे बघून एक डोळा मिटला. "कायदा मला पाठ आहे, मीच ओरडलोय तो. तुम्ही तुमचं काम करा."

आणि सोजीर आलेच. भर थंडीत आले. सेमाहोयेची आई वाटेतच राहिली, बर्फात खड्डा खणता येईना म्हणून पानांखाली ठेवली. मग तो खरा होता का? की त्याच्या फुलीनंच ते लवकर आले? अहालक एमाथ्लानं हा प्रश्न इतक्या वेळा उलटसुलट केला होता की त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत झाल्या होत्या. कायदा कायदा होता. जमीन गेली. माणूसही गेला. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीनं दुसरीला काही आधार मिळत नव्हता.

"मिको झोपला की काय?" वोत्को फिक्सिको शेजारी येऊन धपकन बसला. हाच मिकोचं तोंड. गोल पोटाचा, घामेजलेला, गावातली कुठलीही गोष्ट पोटात न ठेवणारा. "त्या पळपुट्याचं ऐकलंस का? दुसऱ्याची बायको घेऊन पळालेला तो? वसंतापासून ओढ्याकाठच्या वेळूत लपलाय म्हणे. लपलाय कसला! त्याची बहीण रोज डोक्यावर मडकं घेऊन सगळ्या गावासमोरून त्याला जेवण देऊन येते. नवरा त्याच वाटेवर, रिवाजाप्रमाणे त्याचे कान कापायला, सुरी घेऊन बसतो, पण हटकून तिच्या वेळेला त्याला झोप लागते."

"उद्या सुटला तो."

"सुटला. नव्या विस्तवाशी आला की सुटला. परवा तो नवरा आणि तो एकाच पळीनं पेज पितील बघ." वोत्कोनं घाम पुसला. "सणाचं हेच बरं. एक खून तेवढा सोडून सगळं माफ."

वोत्कोलाच आपली जीभ चावावीशी वाटली असावी, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "आपलं ते खून नव्हे हां. मीही होतो की तिथे. बंदुका सभेच्या होत्या, हात सभेचे होते. अस्वलाच्या कुळानंसुद्धा मान्य केलं."

"आणि आवाज?"

"काय?"

"बंदुका सभेच्या होत्या. आवाज कुणाचा होता?"

त्या संध्याकाळी सभेच्या माणसांनी ठरवलं होतं, मेहुण्याचं घर पेटवून द्यायचं, म्हणजे धुरानं तो बाहेर येईल. घरात त्याची बायको होती, दोन लहान मुली होत्या. कुणीतरी गवताची पेंढीही आणली होती. "थांबा, मी हाक मारतो," मी म्हणालो, "माझ्या आवाजाला तो येईल." पोरी जळू नयेत म्हणून म्हणालो, हे खरं. मला कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. मी अंगणाच्या कडेला उभं राहून, रोज मारतो तशी, शेवटचा स्वर लांबवत हाक मारली, आणि आतून लगेच आली—ओ, आलो! ये रे रताळ्या, पेज ताजी आहे! दार उघडलं. भिंतीला त्याच्या बंदुका होत्या, हातात पळी होती. दुसऱ्याला देताना धरतात तशी, दांडा माझ्याकडे करून...

"हे बघ," वोत्को खालच्या आवाजात म्हणाला, "सेमाहोयेनं तुला माफ केलं नसतं तर इतकी वर्षं ठेवला असता का तुला? घर तिचं. गाठोडं बाहेर ठेवलं की झालं. आणि तिला तर आगबोटीपासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हाकेचं." आता वोत्को गोंधळला. "बोटीवर मला ताप चढला होता, आठवतं? तीच पाणी पाजायची. आणि एकच विचारत राहायची, तो बाहेर का आला, घरात बंदुका असताना बाहेर का आला? सांगितलं मी. मला वाटलं, तू आधीच... अरे, ती काही बोललीच नाही त्यावर. एवढंच म्हणाली, 'कशी मारली हाक? जोरात की हळू?' मी म्हटलं, मला आठवत नाही."

कुणीतरी माती तुडवत गाणं म्हणत होतं. अहालक एमाथ्लाला ते ऐकू येत होतं आणि आपले गुडघेही दिसत होते, बाकी कशावर नजर ठरत नव्हती. आगबोटीपासून. म्हणजे ही तांबडी माती पहिल्यांदा पायाला लागली त्याच्याआधीपासून. म्हणजे तिनं हे घर बांधलं, त्याचा बिछाना अंथरला, त्याच्या केसांत तेल घातलं, तो तापानं फणफणला तेव्हा त्याला कुशीत घेऊन बसली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं... आणि तो मात्र समजत होता की सेमाहोयेला फक्त पळी माहीत आहे, हाक नाही. त्या संध्याकाळी पडलेली पळी मी उचलली होती आणि घरी जाऊन तिच्यासमोर ठेवली होती. बोलायला तोंड नव्हतं म्हणून. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. मग पळी धुतली, पुसली, पेटीत ठेवली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला वाटलं, झाकलेलं आहे. झाकलेलं फक्त माझ्यापासून होतं.

"पोराचं नाव सांगतोस ना?" वोत्कोनं कान पुढे केला.

तो केसाळ, ओळखीचा कान. त्यात बाकीच्या पोरांची नावं त्यानं एकेक करून सांगितली. आपल्या पोराचं तेवढं मागे ठेवलं.

"ते संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला.

घरी परतला तेव्हा चूल विझलेली होती, राखेचा कणही उरला नव्हता, आणि चुलीविना घर परक्याचं वाटत होतं. दिवस मावळायला आला होता. सेमाहोये दारात बसून नाचताना पायाला लावायची कासवाची कवचं कातड्यावर बांधत होती. एकेक कवच कानाशी हलवून आतले खडे वाजतात का ते पाहत होती. पेजेचं मडकं तिच्या बाजूला, पळी तशीच.

"वोत्कोच्या कानात नाव घातलंस?"

"नाही."

"बरं केलंस. उद्या वोत्कोनं नाही पुकारायचं. तू पुकारायचंस."

"मिको हाक मारत नाही, सेमाहोये."

"अगंबाई," ती म्हणाली, "मला शिकव आता." तिनं वादीला गाठ मारली, दातांनी आवळली. "मिको नव्हतास तेव्हा मारलीस ना एक?"

तो तिच्यासमोर मातीत बसला.

"बंदूक भिंतीला ठेवून पळी घेऊन बाहेर आला माझा भाऊ," सेमाहोये म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो काय भोळा नव्हता. माणसं येणार हे त्याला माहीत होतं. तरी आला. मग कसली हाक होती ती? मला ऐकायचीय. मरायच्या आधी एकदा ऐकायचीय. तशीच मार, जराही बदलू नकोस. मला कळेल."

"सेमाहोये... सणाच्या दिवशी सगळं—"

"सणात काय सुटतं आणि काय सुटत नाही ते मला नको सांगूस." तिनं पुढचं कवच कातड्यावर ठेवलं. "तुझं गाठोडं किती वेळा बांधलंय मी. तू शेतात असताना. बांधायचं, दारापर्यंत न्यायचं."

"मग?"

"मग काय! परत सोडायचं. तुला जेवायला वाढायची वेळ झालेली असायची." तिनं हातातलं खाली ठेवलं, मडक्यातली पळी उचलली, आणि दांडा त्याच्याकडे करून पुढे धरली. "घे. उद्यापासून उपास. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

हात पुढे झाला. तो त्यानं केला की आपोआप झाला, हे त्याला कळलं नाही. पेज गार होती, आंबूस, राखेच्या पाण्याची किंचित कडसर चव असलेली, आयुष्यभर प्यालेली. अंगठा दांड्यावर सरकत सरकत त्या जळक्या खाचेत जाऊन बसला. बसला तो नीट बसला, आणि सेमाहोये त्याच्या तोंडाकडे नाही, त्या अंगठ्याकडे बघत होती. तिला काय दिसत होतं? ही शिक्षा म्हणायची की माफी? नाव देऊन ती भावाला परत आणत होती, की नवऱ्याला पुन्हा त्या अंगणात उभं करत होती, की या खेपेला त्याच हाकेला आपलं माणूस बाहेर येतं आणि जिवंत राहतं एवढंच तिला पाहायचं होतं... त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती उखळाशी जाऊन बसली असती.

पळी मडक्यात ठेवून तो शेताकडे गेला. आवाज उरलाय का ते तरी पाहायला हवं होतं. उद्या साऱ्या गावासमोर घशातून नुसती हवा निघाली तर?

मका त्याच्या डोक्याच्या वर गेला होता. पानं एकमेकांवर घासत होती, झाडांच्या शेंड्यांवर थोडं ऊन शिल्लक होतं. अहालक एमाथ्ला चारी बाजूंना बघून घेत, चोरासारखा, आत शिरला आणि उभा राहिला. आधी नुसते ओठ हलवले. मग कुजबुजला. मग छातीत हवा भरून घेतली, डोळे मिटले, आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला होता तसा उभा राहून, शेवटचा स्वर लांबवत, त्यानं हाक मारली.

"नोकोस याहोलाऽऽ!"

आवाज तोच होता. तो कुठेही गेला नव्हता, म्हाताराही झाला नव्हता. त्या संध्याकाळी होता तसाच्या तसा, आर्जवी, भुकेला, घरातल्या माणसाचा, आणि तो ऐकताच त्याला स्वतःलाच कळलं की या हाकेला कुणीही बाहेर आलं असतं. मीही आलो असतो. तिला हेच ऐकायचं होतं? उद्या हे ऐकून ती तिथे कशी उभी राहील, पायात कासवं बांधून?

त्यानं खांदे आवळून घेतले आणि ओ येण्याची वाट पाहिली. कुत्र्याला मारलेल्या हाकेला आली होती, नावाड्याला मारलेल्या हाकेला आली होती. आज तर नाव घेऊन बोलावलं होतं. पानं वाजत राहिली. ओढ्याकडे बेडकं सुरू झाली. दूर चौकात कुणीतरी हसलं, मान मागे टाकून हसावं तसं, पण ते हसणं फुसवाचं होतं.

ओ आली नाही.

खांदे हळूहळू सैल झाले. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं... वाटेना. इतकी वर्षं ज्याच्या भीतीनं तोंड मिटून बसलो तो निदान होता. घराच्या मागे होता, नदीपलीकडे होता, तोंडात घास घेऊन, मायेनं, कुणालाही हाक मारली तरी आधी ओ देत होता. उद्या या नावाला ओ येईल, ती दुसऱ्या गळ्यातून येईल, आणि मग हे नाव त्याचं उरणार नाही. उद्याच का, आत्ताच... अंगठ्यावर खाचेचा वळ अजून जाणवत होता. त्यानं पुन्हा हाक मारली, या वेळी हळू, सेमाहोयेला ऐकू जाऊ नये अशी, आणि मग आणखी एकदा. आणि ओ ऐकू येईल म्हणून जन्मभर भ्यालेला अहालक एमाथ्ला मक्यात कान देऊन उभा राहिला, ती यावी म्हणून.